बुबुळावरचा पांढरा डाग

विरार स्टेशनच्या पूर्वेला उतरून जीवदानीच्या डोंगराकडे निघालं की फुलपाडा लागतं. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला पापडखिंडीचं धरण आणि मधे गेल्या काही दशकांत दाटीनं उभ्या राहिलेल्या चाळी आणि इमारती. इथली माणसं काय कामं करतात ते पाहा. कोणी गवंडी, कोणी फरशी कापणारा, कोणी ग्रिलच्या कारखान्यात वेल्डर. कोणी गोखिवरे-वालीवच्या औद्योगिक पट्ट्यात लेथवर उभा असतो, तर कोणी पहाटेची लोकल पकडून चर्चगेटची वाट धरतो. वसई तालुक्यात आणखी आत गेलं की भाताची खाचरं, वीटभट्ट्या आणि दगडखाणी आहेत. ही सगळी कामं एकमेकांपासून वेगळी, पण त्यांतून डोळ्याला इजा झालीच तर पहिला मार बहुतेक वेळा एकाच जागी बसतो. ती जागा म्हणजे कॉर्निया.

पुस्तकी मराठीत कॉर्नियाला पारपटल म्हणतात. बोलताना आपण सरळ बुबुळच म्हणतो. खरं तर बुबुळाचा काळा-तपकिरी रंग असतो तो मागच्या रंगीत पडद्याचा. कॉर्निया त्याच्या पुढे, घड्याळावरच्या काचेसारखा बसलेला असतो आणि निरोगी असेपर्यंत तो दिसतच नाही. आडवा मोजला तर साधारण साडेअकरा ते बारा मिलिमीटर, आणि मध्यभागी जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. डोळ्यात शिरणारे किरण वळवून डोळ्याच्या तळाच्या पडद्यावर आणण्याचं दोन तृतीयांश काम एवढासा हा पापुद्रा करतो. ज्या भिंगाचा मोतीबिंदू होतो, त्याच्या वाट्याला उरलेला एक तृतीयांश भाग येतो.

कॉर्निया पारदर्शक राहतो कसा, हे समजलं की त्याचे आजारही समजायला लागतात. त्याच्यात रक्तवाहिन्या नसतात. हवेतला प्राणवायू अश्रूंत विरघळून त्याच्यापर्यंत पोचतो आणि बाकीचं पोषण आतल्या द्रवातून मिळतं. जाडीचा सुमारे नऊ दशांश भाग कोलॅजनच्या अतिसूक्ष्म तंतूंचा असतो. हे तंतू सारख्या जाडीचे आणि सारख्या अंतरावर रचलेले असतात, म्हणून प्रकाश न विखुरता आरपार जातो. बाहेरच्या बाजूला पेशींचा पातळ थर असतो. तो खरचटला तर एक-दोन दिवसांत पुन्हा भरून येतो, कारण कॉर्नियाच्या कडेला त्याच्या मूळ पेशींचा साठा असतो. सगळ्यांत आतल्या बाजूला पेशींचा एकच एक थर. या पेशी कॉर्नियात शिरणारं पाणी सतत बाहेर काढत राहतात. प्रौढ माणसात त्या दर चौरस मिलिमीटरला अडीच-तीन हजार असतात आणि मेल्या की त्यांच्या जागी नव्या येत नाहीत. तंतूंची रचना बिघडली, पाणी साचलं किंवा जखम भरताना वण राहिला, की पारदर्शकपणा गेला. मग बुबुळावर पांढरट डाग दिसतो आणि घरातली वडीलधारी माणसं म्हणतात, डोळ्यात फूल पडलं.

हे फूल किती मोठं दुःख आहे याचा अंदाज केंद्र सरकारच्या 2015 ते 2019 या काळातल्या राष्ट्रीय सर्वेक्षणावरून येतो. पन्नाशी ओलांडलेल्यांमध्ये अंधत्वाचं पहिलं कारण मोतीबिंदू निघालं, सुमारे 66 टक्के. कॉर्नियाचे डाग दुसऱ्या क्रमांकावर, सुमारे 7 टक्के. पन्नाशीच्या आतल्या लोकांत मात्र चित्र उलटलं. तिथे कॉर्निया पहिल्या क्रमांकावर आहे, सुमारे 37 टक्के. म्हणजे हा आजार कमावत्या माणसांचा आणि मुलांचा आहे. मोतीबिंदूचा रुग्ण काही महिने थांबला तरी बहुतेक वेळा त्याची दृष्टी शस्त्रक्रियेनं परत येते. कॉर्नियाच्या जखमेला हा अवधी नसतो, आणि हा सगळा लेख त्या एका फरकासाठी लिहिला आहे.

सर्वांत नेहमीची घटना घेऊ. दिवाळीच्या आसपास भाताची झोडणी चालू असते आणि एक कुसळ उडून डोळ्यात जातं. किंवा फरशी कापताना कण उडतो, किंवा ग्राइंडरची ठिणगी. डोळा चुरचुरतो, पाणी येतं, लाल होतो. माणूस तो चोळतो, शेजारचा कामगार कागदाच्या टोकानं कण काढून देतो आणि काम पुढे चालू होतं. कॉर्नियाच्या बाहेरच्या थरावर पडलेला ओरखडा बहुतेक वेळा भरूनही येतो. पण कुसळाबरोबर किंवा धुळीबरोबर बुरशी आत गेली असेल, किंवा त्या उघड्या जागेतून जिवाणू शिरले असतील, तर पुढच्या काही दिवसांत तिथे व्रण तयार होतो. डॉक्टर त्याला कॉर्नियल अल्सर म्हणतात.

बुरशीचा हा व्रण वैद्यकशास्त्रात पहिल्यांदा नोंदवला गेला तो 1879 साली, जर्मनीत. थिओडोर लेबर या नेत्रवैद्यानं वर्णन केलेला तो रुग्ण शेतकरी होता आणि मळणीच्या वेळी ओटचं तूस त्याच्या डोळ्यात गेलं होतं. आपल्याकडच्या उष्ण, दमट हवेत हा आजार फार जास्त दिसतो. फ्युजेरियम आणि अॅस्परजिलस या मातीत आणि पिकांवर सर्रास आढळणाऱ्या बुरशी त्याच्या मुळाशी असतात. जिवाणूचा व्रण, विशेषतः स्युडोमोनासचा, एक-दोन दिवसांत कॉर्निया पोखरू शकतो. बुरशीचा व्रण सावकाश वाढतो. त्याच्या कडा पिसासारख्या विसविशीत असतात, आजूबाजूला लहान ठिपके दिसतात आणि सुरुवातीला दुखणं डोळ्याच्या अवस्थेच्या मानानं कमी वाटतं. हा सावकाशपणाच माणसाला फसवतो. थांबून बघू, असं वाटायला लावतो.

या थांबण्याच्या काळात काय काय होतं, ते डोळ्यांच्या बाह्यरुग्ण विभागात बसणाऱ्या कोणालाही विचारा. डोळ्यात मध घातला जातो, आईचं दूध घातलं जातं, एरंडेल, गुलाबपाणी, कसल्या कसल्या पाल्याचा रस घातला जातो. हे सगळं मायेनं होतं, पण उघड्या जखमेत नवे जंतू जातात. याहूनही मोठं नुकसान होतं ते मेडिकलच्या काउंटरवर. ‘डोळा लाल झालाय, काहीतरी द्या’ म्हटलं की पुष्कळदा अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकत्र असलेली बाटली हातात पडते. स्टेरॉइडनं लाली ओसरते, दुखणं कमी होतं, माणूस खूश होतो. पण आत बुरशी असेल तर शरीराचा प्रतिकारच दाबला जातो आणि बुरशी मोकाट वाढते. आठवड्यानं लाली परत येते तेव्हा व्रण खोल गेलेला असतो. डॉक्टरांनी स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळ्यांच्या सूक्ष्मदर्शकावर, डोळा तपासल्याशिवाय स्टेरॉइडचा एकही थेंब लाल डोळ्यात घालू नये, हे वाक्य माझ्या हातात असतं तर प्रत्येक औषधाच्या दुकानावर लावलं असतं. बाटलीवर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन यांपैकी नाव दिसलं तर ते स्टेरॉइड आहे, एवढं वाचकांनी लक्षात ठेवावं.

वेळेचं मोल दाखवणारा एक अभ्यास नेपाळच्या भक्तपूर जिल्ह्यात झाला. तिथे गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून ठेवलं आणि लोकांना सांगितलं की डोळ्यात काही गेलं, खरचटलं, तर लगेच या. ओरखडा सापडला की साधं क्लोरॅम्फेनिकॉलचं मलम तीन दिवस लावायचं, एवढाच उपचार. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ओरखडा असलेल्या 442 जणांपैकी 424 जणांचा डोळा संसर्गाविना बरा झाला. जखमेनंतर 18 तासांच्या आत मलम सुरू झालेल्यांपैकी एकालाही व्रण झाला नाही. 24 ते 48 तासांनी आलेल्यांमध्ये मात्र हे प्रमाण चौघांत एकापेक्षाही जास्त होतं. पुढे नेपाळमध्येच झालेल्या एका मोठ्या चाचणीत असे कार्यकर्ते नेमलेल्या गावांत आणि बाकीच्या गावांत व्रणांच्या प्रमाणात स्पष्ट फरक दिसला नाही, म्हणून हे मलम म्हणजे सगळ्या गावांना लागू पडणारा तोडगा आहे असं मी म्हणणार नाही. पण आलेल्या माणसांपुरता हिशेब स्वच्छ आहे: त्याच दिवशी आलेला डोळा वाचला, एक-दोन दिवसांनी आलेला धोक्यात गेला.

लवकर गेलं तर तपासणीही सोपी असते. फ्लुरोसीन या रंगाची कागदी पट्टी पापणीच्या आत टेकवतात आणि निळ्या प्रकाशात पाहतात. जिथे थर निघाला असेल तिथे हिरवं चमकतं. व्रण असेल तर डोळा सुन्न करून त्याच्या कडेचा किंचित भाग खरवडतात आणि काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की बुरशीचे धागे दिसतात. बुरशी की जिवाणू, या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा तासाभरात मिळतं आणि सारा उपचार त्या उत्तरावर ठरतो. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या पुढाकारानं दक्षिण भारतात मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2013 साली आले. बुरशीच्या व्रणावर, विशेषतः फ्युजेरियमच्या, जुनं नॅटामायसिन नव्या आणि महाग व्होरिकोनाझोलपेक्षा सरस ठरलं. मात्र हे औषध सुरुवातीला तासातासाला, रात्रीसुद्धा, घालावं लागतं आणि कित्येक आठवडे चालू ठेवावं लागतं. रोजंदारीवरच्या माणसाला हे निभावणं किती कठीण आहे, याचा विचार औषध लिहून देताना व्हायला हवा. घरातल्या एकानं तरी ते काम अंगावर घेतलं, तरच ते पार पडतं.

नागिणीच्या कुळातल्या हर्पिस विषाणूचा व्रण वेगळा. हिरव्या रंगात तो फांद्या फुटल्यासारखा दिसतो, पुन्हा पुन्हा उलटतो आणि त्याला अॅसायक्लोव्हिरच्या वर्गातली औषधं लागतात. तिथेही स्टेरॉइड चुकीच्या वेळी पडलं तर व्रण पसरतो.

वेल्डरची गोष्ट निराळी आहे. गॉगल किंवा शिल्ड न वापरता काम केलं की अतिनील किरणांनी कॉर्नियाचा बाहेरचा थर भाजतो. दिवसा काही जाणवत नाही. सहा-बारा तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यात वाळू भरल्यासारख्या वेदना सुरू होतात. हे दुखणं भयानक असलं तरी एक-दोन दिवसांत आपोआप बरं होतं. धोका असतो त्या वेळी वापरल्या जाणाऱ्या सुन्न करणाऱ्या थेंबांचा. डॉक्टर तपासणीपुरता एक थेंब घालतात. तीच बाटली मिळवून खिशात ठेवणारे आणि दुखलं की घालणारे कामगार देशात अनेक ठिकाणी आढळले आहेत. हे थेंब थर भरू देत नाहीत. आठवडाभर वापरले तर एक-दोन दिवसांत बरा होणारा डोळा कायमचा डागाळू शकतो. शिल्डची किंमत एका दिवसाच्या मजुरीएवढीही नसते. ती देणं ही कामगाराची नव्हे, मालकाची जबाबदारी आहे.

चुन्याबद्दल मला थांबून लिहायचं आहे. भिंतीला लावायचा चुना, सिमेंट, पानाबरोबर खायचा पुडीतला चुना, हे सगळे अल्कली. आम्ल डोळ्यात गेलं तर वरची प्रथिनं गोठतात आणि त्यांचाच थोडा अडसर तयार होतो. अल्कली मात्र पेशींच्या भिंती विरघळवत आत आत उतरत जातं. चुन्याची पुडी किंवा नळी दाबताना फुटून लहान मुलांच्या डोळ्यात उडाल्याच्या घटना भारतातल्या मोठ्या नेत्र रुग्णालयांनी वारंवार नोंदवल्या आहेत. खेळायला ही वस्तू मुलाच्या हाती कधीच पडू नये. चुना गेला तर एकच गोष्ट लगेच करायची: समोर असेल त्या स्वच्छ पाण्यानं डोळा उघडा धरून निदान अर्धा तास धुवायचा. पाणी लागलं की चुना पेटेल, म्हणून तेल-तूप घालणारे लोक आहेत. ते करू नका. धुऊन झालं की थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं, कारण वरच्या पापणीच्या आत चुन्याचे कण अडकलेले असतात आणि पापणी उलटूनच ते काढावे लागतात. दवाखान्यात पोचायला दहा मिनिटं लागणार असतील, तरी आधी धुणं, मग दवाखाना.

जगातलं पहिलं यशस्वी कॉर्निया प्रत्यारोपण चुन्यानं डोळे गेलेल्या माणसावरच झालं. 7 डिसेंबर 1905 रोजी मोराव्हियातल्या, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या, ओलोमोउत्स गावी डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी अलोइस ग्लोगर या मजुराच्या दोन्ही डोळ्यांवर शस्त्रक्रिया केली. अकरा वर्षांच्या एका मुलाचा इजा झालेला डोळा त्याच वेळी काढावा लागला होता. त्याचा कॉर्निया शाबूत होता. दोनांपैकी एक तुकडा टिकला नाही, दुसरा पारदर्शक राहिला आणि ग्लोगर पुन्हा काम करू लागला. त्या काळी ना अँटिबायोटिक होतं, ना आजचे धागे. पुढे 1930 च्या दशकात ओडेसाच्या व्लादिमिर फिलातोव्ह यांनी मृत व्यक्तीचा कॉर्निया वापरण्याची पद्धत रूढ केली, आणि 1944 साली न्यूयॉर्कमध्ये पहिली नेत्रपेढी निघाली. भारतातली पहिली नेत्रपेढी 1945 साली मद्रासला सुरू झाली.

चुन्यानं भाजलेल्या डोळ्यात मात्र नुसता कॉर्निया बदलून पुष्कळदा भागत नाही. कडेच्या मूळ पेशीच जळालेल्या असतात, त्यामुळे नवा कॉर्नियाही पुन्हा गढूळ होतो. एक डोळा शाबूत असेल, तर त्याच्या कडेची बारीक चकती काढून तिचे तुकडे जखमी डोळ्यावर रुजवण्याची साधी पद्धत हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत डॉ. वीरेंद्र सांगवान आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये जगापुढे मांडली. प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याचा खर्च त्यात नाही. आज ही पद्धत अनेक देशांत वापरली जाते.

लोकलनं रोज दीड तास उभं राहून कॉलेज किंवा ऑफिस गाठणाऱ्या मुलींचा आणि मुलांचा प्रश्न वेगळा: कॉन्टॅक्ट लेन्स. लेन्स लावून झोपलं की कॉर्नियाला मिळणारा प्राणवायू घटतो आणि व्रणाचा धोका कैक पटींनी वाढतो. विरारला पाण्याची टंचाई नवी नाही, टँकरचं पाणीही इथल्या इमारतींना ओळखीचं आहे. पण पाणी टँकरचं असो की नळाचं, लेन्स त्यात कधीही धुवायची नाही आणि डबीही त्यात विसळायची नाही. पाण्यात आणि मातीत राहणारा अकँथअमिबा नावाचा एकपेशीय जीव लेन्सवरून कॉर्नियात शिरला तर महिनोन्महिने उपचार चालतो आणि दुखणं असह्य असतं. लेन्स लावलेला डोळा लाल झाला, तर लेन्स काढून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा आणि डबीसकट ती लेन्स बरोबर न्यावी. तिच्यावरून जंतू ओळखता येतो.

2023 च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्यातल्या आळंदीपासून सुरू होऊन डोळे येण्याची साथ महाराष्ट्रभर पसरली आणि लाखो लोकांना ती झाली. बहुतेकांचे डोळे आठवडा-दोन आठवड्यांत बरे झाले. डोळे येण्याच्या काही विषाणूंमुळे मात्र काहींच्या कॉर्नियावर बारीक गोल ठिपके उठतात आणि कित्येक महिने प्रकाशाचा त्रास होतो, दिसणं धूसर राहतं. साथ ओसरल्यावरही धूसर दिसत असेल, तर ते अंगावर काढू नये.

लहान मुलांच्या बाबतीत आपल्या पालघर जिल्ह्याला जास्त सावध राहायला हवं. जव्हार-मोखाड्यातलं कुपोषण आपण बातम्यांत वाचतो, आणि त्याच भागातली कुटुंबं वीटभट्ट्यांवर कामाला खाली वसई-विरारकडे येतात. अ जीवनसत्त्व कमी पडलं की आधी मुलाला संध्याकाळनंतर दिसेनासं होतं, मग डोळ्याची पांढरी बाजू कोरडी पडते, आणि एखाद्या गोवराच्या किंवा जुलाबाच्या आजारात दोन्ही कॉर्निया काही दिवसांत अक्षरशः विरघळतात. हे अंधत्व पूर्णपणे टाळता येण्याजोगं आहे. नवव्या महिन्यात गोवराच्या लशीबरोबर पहिला डोस आणि पुढे पाच वर्षांचं होईपर्यंत दर सहा महिन्यांनी एक, असे नऊ डोस सरकारी केंद्रांत फुकट मिळतात. भट्टीवर हंगामापुरत्या आलेल्या कुटुंबाचं मूल नेमकं या यादीतून सुटतं; त्याला शोधून डोस देणं हे अंगणवाडी आणि आशाताईंच्या कामातलं सर्वांत मोलाचं काम आहे. शेवग्याचा पाला, अळू, लाल भोपळा, पिकलेली पपई ही जेवणातली सोबत हवीच.

किशोरवयातला आजार म्हणजे केराटोकोनस. यात कॉर्निया मधोमध पातळ होत जातो आणि शंकूसारखा पुढे येतो. नागपूर जिल्ह्यातल्या ग्रामीण भागात डॉ. विनय नांगिया आणि डॉ. योस्ट योनास यांनी केलेल्या पाहणीत तीस वर्षांवरच्या 4667 जणांमध्ये त्याचं प्रमाण 2.3 टक्के निघालं. ही संख्या कॉर्नियाचा बाक मोजून काढलेली आहे. नकाशा काढणाऱ्या आजच्या यंत्रांनी ती थोडी कमीही निघाली असती. तरी आजार आपल्याकडे दुर्मीळ नाही, एवढं त्यातून नक्की दिसतं. डोळ्यांची अॅलर्जी आणि सतत डोळे चोळण्याची सवय यांच्याशी त्याचं नातं आहे. चष्म्याचा आडवा नंबर दर सहा महिन्यांनी बदलत असेल तर नुसता चष्मा बदलत राहू नका, कॉर्नियाचा नकाशा काढून घ्या. आजार वेळीच सापडला तर रायबोफ्लेविन, म्हणजे ब-2 जीवनसत्त्व, डोळ्यात सोडून ठरावीक अतिनील किरण देतात, त्यानं तंतूंमधले बंध पक्के होतात आणि वाढ थांबते. ही जर्मनीतल्या ड्रेस्डेनला विकसित झालेली पद्धत आपल्याकडे सी-थ्री-आर म्हणून ओळखली जाते. गेलेला आकार ती परत आणत नाही, म्हणूनच ती लवकर करायची.

आता ज्यांचा कॉर्निया गढूळ झालाच, त्यांच्याबद्दल. पूर्वी एकच शस्त्रक्रिया होती: मधला सगळा जाड तुकडा कापायचा आणि दात्याचा तेवढाच बसवायचा. मानवी केसाहून बारीक धाग्यानं सोळाएक टाके घालायचे आणि ते वर्षभर सांभाळायचे. आज बिघडलेलाच थर बदलता येतो. केराटोकोनसमध्ये रुग्णाचा आतला थर तसाच ठेवून पुढचे थर बदलतात. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा वयोमानानं आतल्या पेशी मेल्या असतील, तर तेवढाच अतिशय पातळ पापुद्रा बदलतात. नेदरलँड्सच्या गेरिट मेलेस यांनी ही वाट उघडली. तो पापुद्रा हवेच्या बुडबुड्यानं वर दाबून धरलेला असतो, म्हणून रुग्णाला काही तास पाठीवर झोपून छताकडे बघत राहावं लागतं. बहुतेक वेळा टाके नाहीतच, आणि दृष्टी काही आठवड्यांत सुधारते. सकाळी उठल्यावर धूसर आणि दुपारपर्यंत स्पष्ट दिसतं, अशी तक्रार असलेल्या म्हाताऱ्या माणसांनी हे मुद्दाम तपासून घ्यावं. रात्री मिटलेल्या पापणीखाली पाण्याची वाफ होत नाही आणि दुबळा कॉर्निया फुगतो, म्हणून असं होतं. जपानमध्ये क्योतोच्या शिगेरू किनोशिता यांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी टोचून 11 रुग्णांचे कॉर्निया पुन्हा स्वच्छ झाल्याचं 2018 मध्ये प्रसिद्ध केलं. एका दात्याच्या पेशी कित्येकांना पुरतील, अशी ती दिशा आहे.

थर वेगळे करण्याचा दुसरा लाभही आहे. 29 ऑक्टोबर 2021 रोजी कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार गेले. त्यांच्या दोन डोळ्यांचे कॉर्निया बंगळुरूच्या नारायण नेत्रालयात थरांत विभागले गेले आणि चौघांना दृष्टी मिळाली. त्यांचे वडील डॉ. राजकुमार यांचेही डोळे 2006 मध्ये दान झाले होते.

कॉर्नियात रक्तवाहिन्या नसल्यामुळे रक्तगट जुळवावा लागत नाही आणि साध्या रुग्णात शरीर तो नाकारण्याचा धोका इतर अवयवांच्या मानानं कमी असतो. तरी प्रत्यारोपण झालेल्यानं एक खूण आयुष्यभर लक्षात ठेवावी: डोळा लाल झाला, प्रकाश सहन होईना, दिसणं कमी झालं किंवा दुखायला लागलं, तर त्याच दिवशी शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरकडे जावं. शरीर कॉर्निया नाकारू लागलं असेल, तर वेळीच दिलेल्या औषधानं तो पुष्कळदा वाचतो. पडद्याचा किंवा डोळ्यामागच्या नसेचा आजार असेल, तर कॉर्निया बदलून उपयोग होत नाही, हेही रुग्णाला आधीच स्पष्ट सांगायला हवं.

आणि हे सगळं दात्यावर अवलंबून आहे. भारतात गोळा होणाऱ्या कॉर्नियांपैकी साधारण निम्मेच दृष्टी देण्याइतके चांगले निघतात. उशिरा काढलेले, वाळलेले, संसर्ग झालेले बाद होतात. म्हणून घरात मृत्यू झाल्यावरची पहिली काही मिनिटं महत्त्वाची. पंखा बंद करा, एसी असेल तर चालू ठेवा. पापण्या मिटून त्यांवर ओला, स्वच्छ कापूस ठेवा. डोक्याखाली उशी देऊन डोकं थोडं उंच करा. लगेच नेत्रपेढीला फोन करा; सहा तासांच्या आत डोळे काढले जायला हवेत आणि विरारहून मुंबईच्या गर्दीचा विचार केला तर फोन जितका लवकर तितकं बरं. पथक घरी येतं, पंधरा-वीस मिनिटांत काम होतं, चेहरा विद्रूप होत नाही. वय, चष्मा, मधुमेह, झालेली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यांची आडकाठी नाही. एचआयव्ही, काविळीचे ब आणि क प्रकार, रेबीज, रक्तातला संसर्ग, रक्ताचा कर्करोग अशा काही कारणांनी मात्र डोळे प्रत्यारोपणाला घेत नाहीत. ते पथक ठरवेल. 2011 च्या कायदा दुरुस्तीनंतर प्रशिक्षित तंत्रज्ञही डोळे काढू शकतात, त्यामुळे त्या क्षणी डॉक्टरच मिळायला हवा अशी अट राहिलेली नाही.

आधी फॉर्म भरलेला नसला तरी नेत्रदान होऊ शकतं, कारण जवळच्या नातेवाइकांची संमती पुरते. उलट फॉर्म भरलेला असूनही घरच्यांनी फोन केला नाही, तर डोळे देहाबरोबर जातात. म्हणून आजच घरात हा विषय काढा आणि जवळच्या नेत्रपेढीचा नंबर घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये टाकून ठेवा.